शेजाऱ्याचा सण आणि आपले ताट

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या वाचक बंधुभगिनींना डिसेंबरची 25 तारीख कधी आली आणि कधी गेली हे कळतही नसेल. लोदला किंवा दिमोनाला तो इतर दिवसांसारखाच एक कामाचा दिवस. येथे हाउन्सलोत मात्र त्या दिवसाला चुकवून जाण्याची सोय नाही. नोव्हेंबर सरण्यापूर्वीच हाय स्ट्रीटवर दिव्यांच्या माळा लागतात, दुकानांतून तीच ती गाणी कानावर पडू लागतात, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी सारे गाव थबकते. लंडनची भुयारी रेल्वे आणि लाल बसगाड्या नाताळच्या दिवशी धावत नाहीत. मोठी दुकाने त्या दिवशी उघडू नयेत असा 2004 सालचा कायदाच आहे. उघडी असतात ती कोपऱ्यावरची लहान दुकाने, बहुधा आपल्याच देशाकडील माणसांची. आणि पलीकडे हीथ्रोचा विमानतळ, जो कोणत्याच सणाला झोपत नाही.

अशा गावात आपली मोजकी कुटुंबे राहतात, आणि दरवर्षी या सुमारास त्यांच्यात तोच वाद निघतो. घरात झाड आणावे की नाही? शाळेतल्या नाटकात मुलाने मेंढपाळ व्हावे की नाही? मुलांना भेटवस्तू द्याव्यात की नाही? ज्येष्ठ मंडळी लेवीयच्या अठराव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. परक्या राष्ट्रांच्या चालीरीतींनी चालू नका अशी तेथे स्पष्ट आज्ञा आहे. तरुण मंडळी म्हणतात की झाडाचा धर्माशी संबंध काय? ते जर्मनीतून आले, आणि 1848 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र एका लंडनच्या साप्ताहिकात छापून आल्यावर घरोघर शिरले. इंग्रजांनी जर्मनांचे उचलले, आपण इंग्रजांचे उचलले तर बिघडले कोठे?

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. पण मूळ प्रश्न दोघांकडूनही निसटतो असे आम्हास वाटते.

नाताळ आपल्याला नवा नाही. तो शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेऊन कधीच मराठी करून टाकला. रेवदंड्याची आपली मंडळी सिनेगॉगातून घरी परततात आणि खाडीपलीकडे कोर्लईत घंटा वाजते. तेथील ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. मुंबईत माझगावला, भायखळ्याला कितीतरी चाळींत आपल्या शेजारी गोवेकर आणि ईस्ट इंडियन कुटुंबे होती. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या आणि कुलकुल यायचे. आपल्या घरातली वडीलधारी बाई आधी विचारी, कशात तळले ग? शेजारीणही न रागावता सांगे, तुमच्यासाठी वेगळ्या तेलात तळले आहे. ते ताट रिकामे परत जात नसे. नव्याच्या सणाला आपल्याकडचा चिकाचा हलवा त्यांच्या घरी जाई, दिवाळीला फराळ येई, ईदला शेवया येत. कोणी कोणाचा सण आपल्या घरात मांडीत नव्हते. सण ज्याचा त्याच्या घरी, आणि ताट मात्र दोन्ही उंबरठ्यांवरून जात असे.

आता तरुणांचा मुद्दा घेऊ, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, तुमच्या कोकणात तरी सगळे आपलेच होते काय? मंगळसूत्र कोणाचे? हिरव्या बांगड्या, हळद, मेंदी कोणाची? पुरिमला होळीचा सण कोण म्हणत होते? हे सारे खरे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या तेली पूर्वजांनी शेजाऱ्यांकडून भरभरून घेतले. 1880 नंतर तर आपल्यातल्या सुशिक्षितांनी चक्क कीर्तन उचलले. झांजा, मृदंग, आख्यान, मध्येच विनोद, सर्व ठाकठीक हरिदासाच्या थाटाचे. पण त्या कीर्तनात कथा कोणाची होती? अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. ज्यांना हिब्रू येत नव्हते अशा बायाबापड्यांना तोरा प्रथम कळला तो या उसन्या भांड्यातून. भांडे शेजाऱ्याचे आणि आतले दूध आपले. म्हणून जो म्हणतो की झाड परक्याचे, सबब निषिद्ध, त्याच्या म्हणण्यात इतिहास नाही. परंतु जो म्हणतो की पूर्वजांनी इतके घेतले, मग झाडही घेऊ, त्याला विचारले पाहिजे की बाबा, या झाडावर आपले काय टांगणार आहेस? आम्ही दोन-चार घरी विचारून पाहिले. उत्तर असे आले की मुले हट्ट करतात, आणि खिडकी रिकामी दिसते. खिडकी रिकामी दिसणे हे झाड विकत घेण्याचे कारण होऊ शकेल, कीर्तन उभे करण्याचे नव्हे.

आणखी एक फरक आहे. कोकणातल्या उसन्या गोष्टी आपल्याला कोणी तरी दिल्या होत्या. शेजारणीने हातावर मेंदी काढून दिली, सोनाराने मणी ओवून दिले. येथे झाड दुकानातून येते. शेजारचे इंग्रज वृद्ध जोडपे, ज्यांचा सण खरोखर आहे, त्यांचा आणि आपल्या झाडाचा काही संबंध नसतो. त्यांच्या दारात आपण वर्षभर पाऊल टाकलेले नसते. सण घरात आला पण शेजारी आला नाही, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

शाळेविषयी थोडक्यात. 1944 च्या शिक्षण कायद्याने आईबापांना हक्क दिला की मुलास शाळेतल्या सामुदायिक प्रार्थनेतून व धर्मशिक्षणातून बाहेर ठेवावे. तो हक्क आजही आहे. आमच्यात तो फारसे कोणी वापरीत नाही, आणि आम्हास त्यात गैर दिसत नाही. डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईस आले ते आपल्याला ख्रिस्ती करण्याच्या हेतूनेच. त्यांनी आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. आपल्या वाडवडिलांनी मिशनच्या शाळेत मुले घातली, व्याकरण घेतले, शास्त्र घेतले, आणि बाप्तिस्मा तेवढा ठेवून दिला. बाटले ते अगदी मोजके. हे धाडस त्यांना परवडले, कारण मूल संध्याकाळी घरी आले की शेमा म्हटल्यावाचून झोपत नसे. मेंढपाळाचा डगला घातल्याने मुलाचे काही जात नाही. (त्या गोष्टीत पूर्वेकडचे ते ज्ञानी पाहुणे सोडले तर बरीचशी माणसे आपलीच आहेत, हे मुलाच्या कानात सांगायला हरकत नसावी.)

हनुक्काचे काही कुटुंबांत जे चालले आहे ते मात्र आम्हास जास्त खटकते. नाताळाशी बरोबरी म्हणून आठ दिवस आठ भेटी, खोलीभर निळ्या-रुपेरी पताका. कोकणात आपल्या पूर्वजांना हनुक्का ठाऊकच नव्हता. तो आपल्याला नंतर, कोचीनकडील शिक्षकांनी व इतरांनी शिकविला. उशिरा आला म्हणून कमी नव्हे. पण ग्रीकांसारखे होण्याचे ज्यांनी नाकारले त्यांच्या स्मरणाचा हा सण, आणि तो शेजाऱ्यासारखे दिसण्यासाठी फुगवायचा, यात काय गंमत आहे ती ज्याची त्याने ओळखावी.

मग या गावात शेजाऱ्याच्या सणात आपण कोणत्या वाटेने जायचे? गित्तीनच्या 61 व्या पानावर आपल्या ऋषींनी सांगून ठेवले आहे की परराष्ट्रीय गरिबालाही आपल्या गरिबाबरोबर जेवू घालावे, त्याच्या आजाऱ्याची विचारपूस करावी, शांततेच्या मार्गांखातर. त्यात त्याच्या देवळात जा असे नाही आणि दार लावून बसा असेही नाही. हाउन्सलोत आमच्या काही मंडळींनी याचा अर्थ आपापल्या परीने लावला आहे, आणि तो आहे पाळीचा.

आपल्यापैकी कित्येकांची नोकरी विमानतळावर किंवा इस्पितळात गेली. तेथे 25 तारखेलाही माणूस लागते. विमाने उतरतात, बाळे जन्मतात, म्हातारे पडतात. ज्याच्या घरी टर्की भाजली जात आहे त्याने घरी राहावे आणि आपण त्याची पाळी करावी. तिश्रीत किप्पूर आला की त्याने आपली करावी. हे आम्हास ताटाच्या जवळचे वाटते. यावर एका तरुणाने आक्षेप घेतला की यात पुण्य कसले, काही ठिकाणी त्या दिवसाचा पगार जास्त मिळतो, हा तर सौदा झाला. ताटही सौदाच होते. परत येणार हे दोन्ही घरांना ठाऊक होते, म्हणून काही नेवऱ्यांची गोडी कमी झाली नाही. शिवाय येथे आपण जे देतो ते फुकटचे नाही. पाळ्यांच्या नोकरीत शब्बाथ बहुतेकांचा हातून गेलेलाच असतो. मुलांना सुट्टी, नवऱ्याला सुट्टी, बाहेर जाण्यास वाहन नाही, असा सबंध कुटुंब एका छपराखाली सापडणारा वर्षातला हा एकच दिवस. तो दिवस आपण देतो, आणि त्याची किंमत घरातली लहान मुले भरतात. जादा पगारात ती भरून येते असे आम्हास वाटत नाही.

अवघड जागा पुढे आहे. एका ठिकाणी असे झाले की दोन-तीन वर्षे आपल्या एका भगिनीने आपणहून पाळी घेतली, आणि चौथ्या वर्षी रोटा लागला त्यात तिचे नाव न विचारताच लिहिलेले. तुम्हां लोकांना नाताळ नसतो ना, असे वर उत्तर. तिने वरिष्ठांना सांगितले की मी करीन, परंतु मला विचारा. यावरून आमच्यात बराच खल झाला. काही म्हणाले, करायचेच आहे तर मानापमान कशाला? आमचे मत तिच्या बाजूचे आहे. शेजारणीने स्वयंपाकघरात शिरून ताट उचलून नेले तर त्याला कोणी वाण म्हणणार नाही. आणि किप्पूरला ज्याने आपली पाळी करण्याचे नाकारले, त्याची पाळी पुढच्या डिसेंबरात आपण घ्यावी काय? गित्तीनमध्ये परतफेडीची अट घातलेली नाही, एवढे खरे. पण दोनदा रिकामे आलेले ताट तिसऱ्यांदा भरून पाठविणारी माणसे चाळीतही थोडीच होती, आणि आम्ही कोणास तसे करण्याचा आग्रह धरणार नाही.

2024 मध्ये हनुक्काची पहिली मेणबत्ती नेमकी 25 डिसेंबरच्या संध्याकाळी आली. येथे त्या दिवसांत सूर्य चारच्या आत मावळतो. याच भगिनीची त्या वर्षी दुपारची पाळी होती, आणि या वेळी ती तिला विचारून दिलेली होती. मुले रात्री अकरापर्यंत जागी राहिली, मग तिने घरी येऊन दिवा लावला. जिच्याऐवजी ती गेली होती त्या बाईने दुसऱ्या आठवड्यात घरी केलेल्या मिन्स पायचा डबा दिला, वर चिठ्ठी की आत प्राण्याची चरबी नाही, वनस्पतीची आहे. डबा पत्र्याचा, चांगला, झाकणावर पाखरू काढलेला. तो रिकामा कसा द्यायचा? चिकाचा हलवा करायचा तर गहू भिजविण्यापासून तीन-चार दिवसांची तयारी, आणि त्या आठवड्यात सर्व रात्रपाळ्या. शेवटी ओल्या नारळाच्या करंज्या ठरल्या. नारळ साउथॉलहून आणला.