एकचक्रेचा गाडा

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळझर लागते. बकासुराची एकचक्रा नगरी ती हीच, अशी तेथील परंपरा आहे. सिद्धिविनायकाचे दर्शन घेऊन मी खाली उतरलो, तो रस्त्याच्या कडेस एक गृहस्थ एका शाळकरी मुलाच्या सायकलीचे पंक्चर काढीत बसलेले दिसले. मुलाने सहज विचारले, "काका, हे रबर कुठून येते?" "दुकानातून येते ना, बाबू!" उत्तर खोटे नव्हते. परंतु तीस वर्षे नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मलाही ह्यापलीकडे कधी पाहावेसे वाटले नव्हते, ही गोष्ट मनास लागून राहिली.

दुकानामागची वाट बहुधा केरळातील मळ्यांत जाते. ऊन चढले की चीक वाहावयाचा थांबतो, म्हणून पहाटेच कामकरी सालीस तिरपी चीर देतो आणि पांढरा चीक थेंबाथेंबाने वाटीत उतरतो. आम्ल घालून तो गोठवितात, लाटून पत्रे करितात व धुरावर वाळवितात. कारखान्यात त्यात काजळी व गंधक मळून ते दोऱ्यांच्या थरांवर चढवितात, कडांस पोलादी तार घालतात आणि तापलेल्या साच्यात दाबून पक्के करितात. गंधकाची ही युक्ती गुडइयर ह्यास १८३९ साली साधली. तिच्यावाचून रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होई.

पुढे १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नामक पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली धाव बनविली. बापाच्या मायेतून निघालेली ही सोय! पण तिच्यामुळे जगभर रबराची मागणी वाढली आणि आफ्रिकेतील काँगोत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड ह्याच्या अंमलाखाली रानातील चीक सक्तीने गोळा करविला जाऊ लागला. शिपायांनी काडतुसांचा हिशेब तोडलेल्या हातांनी द्यावा, इतकी पाळी तेथे आली. युरोपातील रस्त्यांवर सायकली मात्र निःशब्द धावत होत्या.

एकचक्रेत गाडाभर अन्नाबरोबर रोज एक मनुष्य जाई. पण पाळी घरोघर फिरत असल्यामुळे गाड्यात कोण बसले, हे साऱ्या गावास ठाऊक असे. आपल्या सुखसोयींचा गाडा नेहमी परक्याच्याच दारातून निघतो. म्हणून त्यातील मनुष्य आपल्यास दिसत नाही.

मग सायकल सोडावी काय? तसे केल्याने मळ्यातील कामकऱ्याची चूल विझेल, एवढेच. भाव पडले की चीक काढणेच थांबते आणि त्याची मजुरी बुडते. त्याग हा येथे सोपा, परंतु खोटा मार्ग आहे. खरा मार्ग कुंतीने दाखविला. ती त्या गावात पाहुणी होती. यजमानाच्या घरातील रडणे ऐकूनही तिला स्वस्थ बसता आले असते. पण तिने जाऊन विचारले. भीम त्यानंतर निघाला.

काँगोचे पातकही अशाच एका प्रश्नाने उघडकीस आले. मोरेल हा जहाजकंपनीतला साधा कारकून. येणाऱ्या जहाजांत रबर व हस्तिदंत भरलेले, जाणाऱ्यांत मुख्यतः बंदुका व दारूगोळा. मग रबराचे मोल दिले तरी कशाने, असे त्याने स्वतःस विचारले. त्याने व इतरांनी चालविलेल्या चळवळीपुढे १९०८ साली राजास तो मुलूख सोडावा लागला.

जगातील प्रत्येक वस्तूचा माग काढणे कोणासही शक्य नाही, हे मी जाणतो. परंतु सर्व कळत नाही म्हणून काहीच विचारू नये, हा न्याय नव्हे. स्वस्त वस्तू हाती आली असता ती कोणास महाग पडली, एवढे विचारण्याचे ऋण वापरणाऱ्यावर राहतेच. केळझरच्या त्या मुलाने ते नकळत फेडावयास आरंभ केला होता. आम्ही मोठ्यांनी त्याला दुकानापाशीच थांबवू नये.