स्तुतीचे शब्द, निंदेचा अर्थ

आजचा उत्तर कन्नड जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे जोयडा तालुक्यातील गुंदसारख्या गावी घरची कोंकणी, जुन्या ओळखीची मराठी आणि कारभाराची कन्नड अशा तिन्ही भाषा कानी पडतात. अशा ठिकाणी ‘वा, चांगले दिवे लावलेस!’ हे मराठी बोलणे एखाद्या कन्नड भाषकास शाबासकी वाटले, तर उणेपण कोणाचे?

संस्कृत साहित्यशास्त्र यास विपरीत लक्षणा म्हणते. शब्द स्तुतीचे, अभिप्राय निंदेचा. आणि तो उलगडतो बोलणारा व प्रसंग यांच्या ओळखीतून. ही ओळख ज्यास नाही, त्याच्याशी उपरोधाने बोलणे म्हणजे तोंडावर केलेली पाठीमागची निंदाच होय.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. एकाच गाऱ्हाण्यासाठी पाचव्यांदा कचेरीत आलेला शेतकरी ‘साहेबांची कृपा थोर!’ असे म्हणतो, तेव्हा उपरोध हेच त्याचे एकमेव शस्त्र असते. तो ओळखूनही शब्दशः घेऊन समाधान पावणारा अधिकारी भाषेत कच्चा नसतो, नीतीत कच्चा असतो. म्हणून आम्हांस वाटते, बलवंताने उपरोध बोलू नये. दुर्बलाचा मात्र न चुकता समजून घ्यावा.