दुसरा डोळा

आषाढातली सकाळ होती. रोह्याहून सुटलेली मेमू नागोठण्याच्या पुढं आली, तशी दोन्ही बाजूंनी चिखलणी झालेली शेतं दिसू लागली. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाट. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तो नेऊन द्यायचा, म्हणजे गणपती त्यावर बसून घरी येतो. आमच्याकडे वडिलांपासूनची ही रीत आहे.

बरोबर नात होती. अकरावीत आहे. तिला लढाऊ विमान चालवायचं आहे. हे ती फारसं बोलून दाखवत नाही. पहाटे उठून कुंडलिकेच्या काठानं धावते, त्यावरून कळतं. मागच्या आठवड्यात तिच्या आईनं शिवणकामाची टेप घेऊन तिला भिंतीशी उभं केलं होतं. उंची किमान 162.5 सेंटीमीटर हवी. पायांची लांबी 99 ते 120. मांडीची लांबी 64 पेक्षा जास्त नको. हे शेवटचं माप मला नवलाचं वाटलं. मग तिनंच सांगितलं, संकटात आसनासकट बाहेर फेकलं जावं लागतं, तेव्हा गुडघे पुढच्या फळीवर आदळता कामा नयेत. म्हणजे विमानात बसण्याआधीच माप घेतात ते सुटकेच्या वेळचं. मी बराच वेळ त्या टेपकडं पाहत राहिलो.

कारखान्यात शाडूचा ओला वास भरला होता. कारखान्याचे मूर्तिकार काका खिडकीपाशी आखणीला बसले होते. मूर्तीला रंग घरातली चार माणसं देतात. डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताकडे. तीही सकाळी, उजेड नीट असताना आणि हात ताजा असताना. आम्ही दाराशीच थांबलो. आखणी चालू असताना त्या खोलीत कोणी बोलत नाही.

कुंचला टेकवण्याआधी त्यांनी श्वास घेतला आणि आत धरला. पापणीची रेघ एका ओढीत उमटली. कुंचला उचलला, मगच श्वास सुटला.

नात माझ्या कानाशी म्हणाली, "आजोबा, वैमानिकसुद्धा श्वास असाच धरतात."

विमान वेगात असताना जोरानं वळवलं की अंगावरचा भार वाढत जातो. आजच्या विमानात तो नऊपटीपर्यंत जातो. पाच किलोचं डोकं मानेला पंचेचाळीस किलोचं होतं. रक्त पायांकडे ओढलं जातं. अशा वेळी पहिल्यांदा डोळे जातात. मेंदूच्याही आधी. रंग फिके होतात, कडा मिटत जातात, समोर एक छोटासा उजेडाचा गोल उरतो, मग अंधार. शुद्ध त्यानंतर हरपते. म्हणून पाय आणि पोट आवळून छातीत श्वास कोंडायचा. तीन सेकंद. झटकन सोडून झटकन घ्यायचा. पुन्हा तीन सेकंद. कमरेखालचा खास पोशाख हवेनं फुगून पाय आवळतो, पण त्याची मदत थोडी. बाकीचं श्वासावर. आणि हे करत असताना शत्रू कुठं आहे, सोबती कुठं आहे, इंधन किती उरलं आहे, कानात कोण काय सांगतं आहे, सगळं ध्यानात ठेवायचं.

हे सारं ती हलक्या आवाजात सांगत होती. काकांनी मान वर केली. त्यांना एवढंच विचारायचं होतं, "डोळे आधी जातात?"

"हो, काका."

"हं," ते म्हणाले आणि कुंचला पाण्यात बुडवला.

मला जुने वैमानिक आठवले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकायला गेले आणि पहिल्या महायुद्धात वैमानिक झाले. ते सॉपविथ डॉल्फिन चालवत. त्या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मोकळ्या चौकटीतून बाहेर निघालेलं असे. वर उघडं आभाळ, समोर वारा. हवाई छत्री तेव्हा ब्रिटिश वैमानिकांना देतच नसत. जून 1918 मध्ये ते फ्रान्समध्ये मरण पावले. पुढं हृषीकेश मुळगावकर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशावर स्पिटफायर घेऊन लढले आणि 1976 ते 1978 या काळात हवाई दलप्रमुख होते. त्या पिढीला आभाळातला एक ठिपका स्वतःच्या नजरेनं शोधावा लागे. मान सारखी मागं वळवायची. तिला कॉलर काचू नये म्हणून वैमानिक गळ्याला रेशमी रुमाल बांधत. चित्रातला तो रुमाल मला लहानपणी ऐटीचा वाटायचा. तो काचण्यावरचा उपाय होता, हे फार उशिरा कळलं.

आता ठिपका दिसायच्या आधी रडार सांगतं. तेव्हा थोडंच कळायचं, त्यातून ओळखावं लागे. आता पुष्कळ कळतं, त्यातून निवडावं लागतं. कोणतं कठीण, मला ठरवता येत नाही. वेग मात्र दोन्ही काळी यंत्राचाच होता. माणसाकडून मागितलं गेलं ते आतलं थांबणं.

काकांनी मूर्ती थोडी फिरवली. दुसरा डोळा आखायचा होता. पण त्यांनी लगेच कुंचला टेकवला नाही. पहिल्या डोळ्याकडे बघत बसले. मी विचारलं, "आता तर सोपं ना? एक झाला."

"मास्तर, पहिला कोणीही काढील," ते म्हणाले. "दुसरा अवघड. तो पहिल्यासारखा यावा लागतो."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

त्यावरून वैमानिक दिलीप परुळकर आठवले. त्यांची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती सुटकेची. ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सोबत्यांसह भिंत फोडून निसटले. अफगाण सरहद्द चार-पाच मैलांवर राहिली होती. तिथं त्यांनी लंडी खाना नावाच्या स्टेशनाची चौकशी केली. ते स्टेशन कितीतरी वर्षांपूर्वीच बंद पडलेलं होतं. संशय आला आणि ते पकडले गेले. गोष्ट थरारक आहे, तिच्यावर चित्रपटही निघाला. पण मला तिच्या आधीचं एक पान जास्त जवळचं वाटतं. 1965 च्या युद्धात परुळकर हंटर विमान चालवत होते. खालून गोळी आली आणि त्यांच्या खांद्याला लागली. उडी घेण्याचा सल्ला मिळाला होता. त्यांनी तसं केलं नाही. जखमी खांद्यानं मोडकं विमान तळावर परत आणलं आणि उतरवलं. तो पहिला डोळा म्हणायचा.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1971 मध्ये, ते पुन्हा विमानात बसले. सुखोई-7 घेऊन सरहद्दीपलीकडे गेले. 10 डिसेंबरला विमान पडलं आणि ते कैदी झाले. मधल्या सहा वर्षांत रोज सकाळी पट्टे आवळताना त्या खांद्याला गोळी आठवत असेल का? पहिल्यांदा जाणारा न अनुभवलेल्या गोष्टीकडे जातो. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. तरी हात तेवढाच स्थिर लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये परुळकर गेले. त्या दिवशी मी नातीला कैदेची गोष्ट सांगितली होती. खांद्याची सांगायला हवी होती.

तिच्या वाटेवरची एक गोष्ट मला खुपते. वैमानिक म्हणून निवड व्हायची तर यंत्रावर बसून एक चाचणी द्यावी लागते. हात, पाय, डोळे आणि लक्ष एकमेकांना किती धरून चालतात, ते त्यात पाहतात. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. नाही जमली, तर त्या दारातून पुन्हा जाता येत नाही. ज्या कामात रोज नव्यानं तेच नीट करावं लागतं, त्याच्या दाराशी संधी मात्र एकच. त्यामागं कारण असणार. कठोर असलं तरी खोटं नसणार. पण सतरा वर्षांच्या मुलीला हे सांगताना माझा आवाज बदलतो.

ती मात्र बिचकत नाही. 2016 मध्ये तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या, 2019 मध्ये नागपूरची अंतरा मेहता झाली, मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ही वर्षं तिला तोंडपाठ आहेत. माझ्या पिढीला पाढे होते तशी.

काकांचा दुसरा डोळा झाला. ते मागं सरकले, मूर्तीकडे जरा लांबून पाहिलं. मग नातीकडे वळले. कोपऱ्यात सोंडेला चीर गेलेला एक लहान गणपती बाजूला काढून ठेवला होता. तो त्यांनी पुढ्यात घेतला आणि कुंचला तिच्यासमोर धरला.

"बस, बाळा."

ती मांडी घालून बसली. श्वास घेतला, धरला. पहिली रेघ बरी आली. काका काही बोलले नाहीत. बाहेर पावसाची सर येऊन पत्र्यावर वाजली आणि गेली. दुसरी रेघ तिनं काढली. ती किंचित वर चढली. दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले.

काकांनी ओल्या फडक्यानं दुसरा डोळा टिपून घेतला. पहिला तसाच ठेवला. फडकं पिळून पुन्हा बादलीच्या काठावर टाकलं.

तिनं कुंचल्याचं टोक ओठांशी नेलं, मग आठवून पाण्यात बुडवलं, आणि पुन्हा श्वास घेतला.