एका गोलाचे मोल

एक मोठे कृत्य किती लहान कृत्यांच्या तोडीचे मानावे? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही या प्रश्नावर पुष्कळ पाने भरली. त्याचे सर्वांत बोचरे उदाहरण मात्र आम्हांला आयर्लंडमधील एका फुटबॉल स्पर्धेच्या इतिहासात सापडले.

आयरिश लोकांचा हा गेलिक फुटबॉल आपल्या मुलांच्या फुटबॉलहून निराळा आहे. त्यात चेंडू हातातही घेता येतो. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल. त्या काळी दांडीवरून गेला, किंवा दोन्ही बाजूंना जे जादा खांब असत त्यांच्या आतून गेला, तर नुसता गुण मिळे. १८८४ साली थर्ल्स येथे या खेळांची संघटना स्थापन झाली आणि कॅशेलचे आर्चबिशप क्रोक तिचे आश्रयदाते झाले. १८८७ च्या हंगामापासून अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. जो हरेल तो बाद, असा तेव्हा तिचा कडक नियम होता.

आरंभी एक गोल कितीही गुणांना भारी ठरे. १८९२ मध्ये त्याची किंमत पाच गुण करण्यात आली. या मापानेच १८९४ च्या हंगामाचा अंतिम सामना १८९५ साली डब्लिन आणि कॉर्क यांच्यात झाला. डब्लिनने सहा गुण केले. कॉर्कने एक गोल आणि एक गुण. म्हणजे बरोबरी! पुन्हा सामना भरला तो थर्ल्सला. कॉर्कचा एक गोल व दोन गुण, डब्लिनचे पाच गुण, अशी स्थिती असता लोक मैदानात घुसले. डब्लिनचा संघ निघून गेला आणि सामना अपुराच राहिला. संघटनेने तिसरा सामना खेळावयास सांगितले, कॉर्कने नकार दिला, आणि अजिंक्यपद डब्लिनकडे गेले. पिछाडीवर असलेला संघ विजेता झाला! कॉर्कचा राग आम्हांला समजतो; तथापि आघाडी म्हणजे विजय नव्हे, आणि तिसरा सामना नाकारून त्यांनी आपल्याच खटल्यात न्यायाधीशाचे आसन घेतले, असे आम्हांला वाटते.

पुढे १८९६ मध्ये गोलाची किंमत तीन गुणांवर आली. आता वाचकांनी क्षणभर पाटी घ्यावी. अगदी जुन्या मापाने कॉर्क पहिलाच सामना जिंकते. नव्या मापाने डब्लिन तोच सामना सहा विरुद्ध चार असा जिंकते, आणि थर्ल्सचा गोंधळ होतच नाही. चेंडू तोच, पाय तेच. निकाल मात्र तीन.

तर मग खरा विजेता कोण? माप माणसांनीच ठरविले म्हणून न्याय हा केवळ भास आहे, असे काही विद्वान म्हणतील. आम्हांला ते पटत नाही. गोलाला पाच गुण मिळतात हे ठाऊक असल्यामुळेच खेळाडू हाती आलेला सोपा गुण सोडून गोलाकडे धाव घेतो. त्याला तीनच मिळणार असते तर कदाचित त्याने वेगळी लाथ मारली असती. म्हणून मागाहून नव्या मापाने केलेली आमची ही बेरीज न खेळलेल्या सामन्याची बेरीज आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचे दोष आजच्या मापाने मोजताना आपण बहुधा हेच करीत असतो. त्यांचे दोष दोष नव्हते, असे मात्र यातून निघत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एका वृद्धाची अंत्ययात्रा निघाली. त्याने तरुणपणी भावाची जमीन गिळली होती. पुढे चाळीस वर्षे तो शेजाऱ्यांच्या आजारपणात रात्री जागत आला. त्याच्या अंगणात लोक हिशेब मांडीत होते. एकाला ती जमीन सगळ्या रात्रींहून जड वाटत होती. दुसरा रात्री मोजीत होता. भाऊ कोपऱ्यात गप्प बसला होता. ‘फादर, तुम्ही सांगा,’ कोणीतरी म्हणाले. आम्ही प्रार्थनेचे पुस्तक उघडले. त्या भावाला मात्र आम्ही आजवर काही विचारलेले नाही.