अर्धा गुण आणि कोर्टाची बेअदबी

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त आमच्या हायस्कूलात वक्तृत्व स्पर्धा होती. परीक्षक मीच. पहिले बक्षीस व्यवस्थापक मंडळातल्या एका सभासदांच्या मुलीला गेले. दुसरा आलेला दहावीचा मुलगा सर्वांदेखत म्हणाला, "सर, निकाल तुम्ही आधीच ठरवला होता." मी संतापलो. त्याच्याकडून माफीचा कागद लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तो त्यालाच वाचायला लावला. शाळेची शिस्त राखली, असे तेव्हा वाटले.

पुढच्या वर्षी त्याच पुण्यतिथीच्या भाषणासाठी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याची हकिगत चाळत होतो. न्यायासनावर होते न्या. दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील या नात्याने उभे राहिले होते. अकरा वर्षांनी न्यायाधीश झाल्यावर त्यांनी जामीन नाकारला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. लेख मराठीत आणि निवाडा भाषांतरावरून! दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या वाचकांना यातली मेख समजावून सांगायला नको. शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची.

या खटल्यावर 'मराठा' पत्राचे संपादक न. चिं. केळकर यांनी टीका केली. त्याबद्दल मुंबई हायकोर्टाने कोर्टाच्या बेअदबीसाठी त्यांना चौदा दिवसांची कैद आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. पुढे १९५६ साली त्याच हायकोर्टाच्या इमारतीत टिळकांच्या उद्गारांची शिला बसवली गेली. तिचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केले आणि टिळकांना झालेली शिक्षा हा अन्याय होता, असे सांगितले. केळकरांना जे लिहिल्याबद्दल तुरुंग पाहावा लागला, त्याच्या फार दूर हे नव्हते. मधे अठ्ठेचाळीस वर्षे गेली आणि राज्य बदलले, एवढेच.

मग बेअदबीचा कायदा नकोच का? तसेही मला म्हणवत नाही. आपल्याकडे देवाला प्रसाद लावतात. पाकळी डावी पडली तर देवाला कोणी पक्षपाती म्हणत नाही. बोलणी खातो तो पाकळी लावणारा गुरव. कूळ-मुंडकाराच्या दाव्यात हरलेला माणूस बसस्टँडवर उतरेपर्यंत "पैसे चारले" म्हणून मोकळा होतो. गुरव निदान उलटून बोलू शकतो. न्यायाधीशाने तिठ्यावर येऊन उत्तर द्यायचे नसते. त्याच्या मौनाला कायद्याचे थोडे कुंपण असावे, हे मला पटते. पण कुंपण कशाला? खुर्चीला, की खुर्चीतल्या माणसाच्या अभिमानाला? केरळचे नंबुद्रिपाद न्यायाधीशांना वर्गीय पूर्वग्रह असतो असे म्हणाले, म्हणून केरळ हायकोर्टाने त्यांना हजार रुपये दंड केला. १९७० साली सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवला, मात्र दंड पन्नास रुपयांवर आणला. सत्य हा बचाव होऊ शकतो, हे आपल्या अवमान कायद्यात स्पष्टपणे यायला तर २००६ साल उजाडले. आणि ते सत्य ठरवणार कोण? पुन्हा कोर्टच. याला दुसरी वाट मलाही दिसत नाही. म्हणून तर तिथे बसणाऱ्याचा हात इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा जड असावा लागतो, शिक्षा लिहिताना तो सहज चालू नये.

माझा हात सहज चालला. न्यायाधीशाला नसलेली सोय मला होती: गुणपत्रक दाखवता आले असते. मी ते दाखवले नाही. त्या रात्री घरी काढून पाहिले, तेव्हा दोघांत फरक होता फक्त अर्ध्या गुणाचा. 'उच्चार' या रकान्यात आधीचा आकडा खोडून मी वर नवा लिहिला होता. का खोडला, ते मला तेव्हाही आठवले नाही, आजही आठवत नाही. सभासदांचा चेहरा तेव्हा डोळ्यांसमोर होता का? नव्हता, असे शपथेवर सांगता येणार नाही.

आता स्पर्धेला परीक्षक बाहेरच्या शाळेतून बोलावतो. तो मुलगा अधूनमधून बाजारात भेटतो, "सर, बरे आहात ना?" विचारतो. त्याचा माफीचा कागद माझ्या कपाटात आहे. त्याला तो परत द्यायचा आहे, पण देताना काय बोलायचे ते अजून जुळत नाही.