परगावची भाकर व घरचा दिवा

वचन: अनुवाद २४:५, १ करिंथ ७:५



मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. नवीन लग्न झालेल्या पुरुषास एक वर्षपर्यंत लढाईस धाडू नये; त्याने घरी राहून बायकोस सुखी करावे, असा त्याचा आशय. एका माणसावाचून फौज अडत नाही, परंतु घर अडते, हे परमेश्वर जाणतो.

आपल्या कर्जत-खालापुराकडे हा प्रश्न जुना आहे. १८६३ साली आगगाडी बोरघाट चढून गेली. १९१५ साली खोपोलीस टाटांचे वीजघर सुरू झाले व तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस जाऊ लागली. वीज गेली त्याच दिशेस माणसेही गेली. कोकणातील व घाटावरील हजारो पुरुष गिरणगावात दाटीने राहत, खानावळीत जेवत. बायको गावी शेत, गुरे व सासूसासरे सांभाळी. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस सरले. ताटातूट मात्र सरली नाही. आज कोणी महिनोगणती परगावी असतो. कोणी पहाटेची लोकल धरून सुमारे १०० किलोमीटरवरील मुंबईस जातो व परततो तेव्हा लेकरे निजलेली असतात.

मग पोटासाठी घर सोडणे पाप आहे काय? नाही. परंतु पौलाचे म्हणणे ध्यानात घ्या. पतिपत्नींनी प्रार्थनेसाठी वेगळे राहावयाचे, तर तेही दोघांच्या संमतीने, ठराविक काळापुरते, व पुन्हा एकत्र येण्यासाठी. प्रार्थनेसारख्या पवित्र कार्यास जर या अटी, तर मजुरीस त्या किती अधिक लागू!

पहिली अट संमतीची. मुकादमाची उचल घेऊन मग घरी नुसते कळविणे, ही संमती नव्हे. जाण्यापूर्वी दोघांनी बसून बोलावे, प्रार्थना करावी, मग ठरवावे.

दुसरी अट मुदतीची. रिबकेने याकोबास थोडे दिवस म्हणून हारानास पाठविले. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली, आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. "पुढच्या वर्षी पाहू" ही मुदत नव्हे. कर्ज फिटेपर्यंत, की घर शाकारेपर्यंत, हे आधीच ठरवा. आणि तो दिवस आला म्हणजे पाळा.

तिसरी अट पुन्हा एक होण्याची. पूर्वी मनिऑर्डरीच्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यास जागा असे. रुपयांबरोबर मनही येई. आता मोबाईलवरून पैसे क्षणात येतात, पण कित्येक घरी त्यांबरोबर शब्द येत नाही. भावांनो, मिळकत किती व खर्च किती, हे बायकोपासून लपवू नका. तुमच्यामागे तिने जे निर्णय केले, ते घरी येताच मुलांदेखत मोडू नका. बहिणींनो, बापाचे नाव मुलांस केवळ धाक घालण्यासाठी घेऊ नका. रोजच्या प्रार्थनेत प्रेमाने घ्या. दोघांनी एकच वेळ नेमावी. तो तिकडे व तुम्ही इकडे, त्याच घटकेस एकाच पित्यापुढे गुडघे टेकाल.

आता उपदेशकांस व मंडळीस एक शब्द. उरिया रणांगणावर असता त्याच्या घराचा घात परक्याने केला नाही. ज्याने रक्षण करावयाचे त्या दावीदानेच केला. एकट्या राहणाऱ्या बहिणीविषयी कुजबुज करणे हाही घातच आहे. तिच्या भेटीस जाताना उपदेशकाने पत्नीस किंवा एखाद्या वडीलधाऱ्या बाईस बरोबर न्यावे. भातकापणीस तिला हात कमी पडत असतील तर मंडळीने विळे घेऊन जावे. त्या दिवशी तोच आपला उपदेश होय.

हे दयाळू पित्या, दूर गेलेल्यांस मोहापासून राख, घरी राहिलेल्यांस धीर दे, आणि ताटातुटीचे दिवस थोडे कर. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.