दोष कोणाच्या पदरात?

पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान रेल्वेमार्गावर आमचे चुडावा हे गाव आहे. पूर्वी घड्याळ किंवा रेडिओ घ्यायचा तर माणूस नांदेडला जाई, दुकानात वस्तू हातात घेऊन पाही आणि मगच पैसे मोजी. आता बाजारच घरात आला आहे. गतवर्षी माझ्या मुलाने ऑनलाइन एक वापरलेला फोन मागविला. वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असे लिहिले होते आणि बाहेरून फोन होताही चकचकीत. आठवडाभराने तो आपोआप बंद पडू लागला. पूर्ण्याच्या दुरुस्ती करणाऱ्याने सिमकार्डाच्या खाचेत विजेरीचा उजेड पाडला आणि आतली लाल झालेली खूण दाखविली. म्हणाला, “हा फोन कधीतरी पाण्यात पडलेला आहे.” विक्रेत्याचे उत्तर आले की, परतीची सात दिवसांची मुदत काल संपली.

त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “अब्बा, नांदेडला विकून टाकतो. चालू असताना दाखवला की कोणी विचारणार नाही. आपल्यालाही कोणी सांगितले होते?”

या एका वाक्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. ज्याने आपल्याला फसविले त्याच्याविरुद्ध आपला हक्क काय? आणि जो आपल्याकडून घेणार आहे त्याचा आपल्यावर हक्क काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इस्लामी धर्मशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. खरेदीदाराला सौदा कायम ठेवण्याचा किंवा मोडण्याचा जो अधिकार असतो त्याला ‘खियार’ म्हणतात. मालात आधीपासून असलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा अधिकार म्हणजे ‘खियार-ए-ऐब’. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यानंतर नाकारण्याचा अधिकार म्हणजे ‘खियार-ए-रूयत’. हनफी फिकहमध्ये त्याला स्वतंत्र स्थान आहे. पडद्यावरचे चित्र पाहून केलेल्या खरेदीला हा विचार किती जवळचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. माल सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल तर तो परत घेण्यास व पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. परतीची मुदत संपली म्हणजे सगळेच दरवाजे बंद झाले असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता बंगळूरचा असो की दिल्लीचा, परभणी जिल्ह्यातील रहिवाशाला परभणीतच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याचे शुल्कही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. आपला हक्क मागणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे. फसविणाऱ्याला मोकळे सोडणे म्हणजे त्याला पुढचे गिऱ्हाईक मिळवून देणे होय.

परंतु हक्क मागणाऱ्याचे हातही स्वच्छ हवेत. बाजारात दुभते जनावर नेण्याआधी त्याचे दूध न काढता कास तटतटू देण्याची लबाडी आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवी नाही. ती अरबस्तानातही होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला मनाई केली आणि अशा फसवणुकीत सापडलेल्या खरेदीदाराला जनावर परत करण्याची मुभा दिली, मात्र काढलेल्या दुधाच्या बदल्यात एक साअ खजूरही द्यायला सांगितले. येथे फसविला गेला आहे तो खरेदीदार, तरीही त्याने घेतलेल्या लाभाचा हिशोब सुटलेला नाही. मग ईदच्या चार दिवसांसाठी फोन मागवून, फोटो काढून, ‘आवडला नाही’ म्हणून परत करणारा काय उत्तर देईल? आपल्या हातून पडून फुटलेला पडदा ‘असाच आला’ म्हणून सांगणारा काय उत्तर देईल? फुकहांनी असेही म्हटले आहे की, दोष कळल्यानंतरही जो ती वस्तू आपलीच समजून वापरत राहतो, त्याने तो दोष स्वीकारला असे मानले जाते. म्हणून दोष दिसताच वापर थांबवावा आणि विलंब न करता कळवावे.

आता दुसरा प्रश्न. तोच अधिक अवघड आहे, कारण तेथे कोणी पाहत नाही. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पावसाबद्दल प्रेषितांनी (स.) त्याला दोष दिला नाही, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढेच विचारले, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही असे स्पष्ट केले. आमच्या घरातला फोन म्हणजे तोच ढीग होता: वर कोरडा, आत ओला. तो आम्ही भिजविला नव्हता. पण ओल कोठे आहे हे आता आम्हाला ठाऊक होते, आणि जबाबदारी या ठाऊक असण्यातूनच सुरू होते.

‘आपल्यालाही कोणी सांगितले नाही’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. ज्याने आपल्याशी विश्वासघात केला त्याच्याशीदेखील विश्वासघात करू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. नांदेडच्या बाजारात भेटणाऱ्या अनोळखी माणसाने तर आपले काहीच बिघडविलेले नाही. तो मुस्लिम असो वा मुस्लिमेतर, त्याच्या घामाचे पैसे सारखेच पवित्र आहेत.

इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. एका कापडातील दोष गिऱ्हाइकाला सांगा, असे त्यांनी आपल्या भागीदाराला बजावले होते. तो विसरला, माल विकला गेला आणि गिऱ्हाईक कोण हे आठवेना. इमामांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली. कोणतेही न्यायालय त्यांना पकडणार नव्हते. पण न सांगितलेल्या दोषाची किंमत आपल्या गल्ल्यात नको, एवढेच त्यांना कळत होते. वस्तूचा दोष सांगितला की तो वस्तूबरोबर जातो. लपविला की वस्तू जाते आणि दोष विकणाऱ्याच्या पदरात राहतो.

हे सारे मुलाला समजावताना मला ठाऊक होते की, त्या फोनसाठी त्याने कापूस वेचणीच्या हंगामातली मजुरी साठविली होती. उपदेश माझा होता, नुकसान त्याचे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग उठून त्याने फोन बंद केला, बिलासह डब्यात घातला आणि दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. निकाल अजून लागायचा आहे. तोवर तो बटणांचा जुना फोन वापरतो. मित्र हसतात. परवा त्यांच्यापैकीच एकाने आपला फोन विकताना याला विचारले, “याचा स्पीकर खराब आहे, सांगू का?” मुलगा म्हणाला, “आधी तेच सांग, किंमत नंतर.”

अल्लाह आपल्या सर्वांना हक्क मागण्याचे धैर्य आणि दुसऱ्याचा हक्क न मागता देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.